दगड सावळथ्यात, घर कोथळगावात

भूषण सरांनी फोटो काढला आणि माझ्या पोराचं जमलेलं लग्न मोडायला आलं, असं सुनंदाबाई आजही सांगतात. सरांचं म्हणणं असं की फोटो एक नव्हता, दोन होते. एक ऐतिहासिक घराचा आणि एक घराजवळच्या दगडाचा. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला असा तपशील सोडवत नाही. पण मग घर कुठलं, आणि जवळ म्हणजे किती जवळ, असं विचारलं की सर चष्मा काढून पुसायला लागतात.

सर धुळ्याला देवपुरातल्या एका कॉलेजात आहेत. वर्गात पोरं फारशी नसतात, त्यामुळे सरांना बाहेरची कामं बरीच मिळतात. जिल्ह्यातल्या स्वातंत्र्यलढ्याच्या खुणांवर एक पुस्तक निघायचं होतं. त्यासाठी समिती नेमली गेली आणि समितीने सरांना नेमलं. प्रत्येक ठिकाणाचे दोन फोटो हवे होते, 'ऐतिहासिक वास्तू' आणि 'जवळील स्मृतिशिला'. सरांच्या वाट्याला नरडाण्याच्या आतल्या अंगाचं सावळथे आलं.

स्मृतिशिला लगेच सापडली. चौथऱ्यावर कमरेएवढा काळा दगड, त्याला नुकताच ऑइलपेंट दिलेला, अक्षरं सोनेरी. 'या घरात सन १९४२ साली भूमिगत देशभक्तांनी आश्रय घेतला.' खाली शिला बसवल्याचं साल, १९७२. सरांनी दगडाचा फोटो काढला आणि 'या घरात' म्हणजे कोणत्या, ते पाहायला मान वर केली.

समोर पिस्ता रंगाचा दुमजली बंगला होता. गॅलरीला स्टीलचे पाइप, गच्चीवर पाण्याची काळी टाकी, दारावर 'मयुरी' अशी पाटी. सरांनी दगडाभोवती एक प्रदक्षिणा घातली. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला मारुती, तिसऱ्या बाजूला पिठाची गिरणी. बेचाळीस सालचं म्हणावं असं त्यातल्या त्यात गिरणीच दिसत होती.

बंगल्याच्या पोर्चमध्ये रुपचंद नाना बंगईवर झोके घेत बसले होते. बंगला त्यांचा, पाटीवरची मयुरी त्यांची नात.

"नाना, ते ऐतिहासिक घर कोणतं?"

"हाई काय." नानांनी पाय जमिनीला टेकवून बंगई थांबवली. "तुम्ही त्यानाच समोर उभा शेतस."

"हे? हे तर नवीन आहे."

"नवीन कसानं? पंचाऐंशी सालनं शे."

"पण भूमिगत लोक बेचाळीस साली आले होते."

"आठेच व्हतात. आतमा फ्रीज शे ना, तठे झोपेत त्या."

सरांनी दारातून वाकून फ्रीज पाहिला. दोन दारांचा होता. त्याच्या वर भिंतीला एक काळापांढरा फोटो टांगलेला होता, शिलेच्या अनावरणाचा. टोप्या घातलेली माणसं, हार घातलेला दगड आणि दगडामागे एक झकास, मातीच्या सपाट छपराचं धाब्याचं घर. सागवानी खांब, नक्षीदार चौकट, दाराच्या उजव्या हाताला ओटा.

"नाना, हे घर कुठे गेलं?"

"जाई कोठे? आठेच शे. मना बापनी लाकडं तेवढी इकात."

खानदेशात यात कुणाला नवल वाटत नाही. धाब्याचं घर म्हणजे मूळ लाकडाचा सांगाडा. खांब, तुळया, कड्या. मातीच्या भिंती काय, त्या कुठेही उभ्या राहतात. त्यामुळे जागा स्वतःकडे ठेवून घर विकता येतं. घेणारा मिस्त्री घेऊन येतो, मिस्त्री प्रत्येक लाकडावर डांबराने आकडा टाकतो, सांगाडा उतरवून ट्रकमध्ये भरतो आणि दुसऱ्या गावी आकड्याला आकडा लावून पुन्हा उभा करतो. मिस्त्री चांगला असला तर घराला कळतही नाही की आपण गाव बदललं.

"कोणी नेली लाकडं?"

"जयगावकडला एक केयीवाला व्हता. मुक्ताईनगरना पल्याड, कोथळगावना. तव्हय मुक्ताईनगरले एदलाबाद म्हनेत."

"जळगावचा केळीवाला? हे गावात माहीत आहे?"

"बठ्ठा गावले माहीत शे. त्यामा दपाडानं काय शे?" लपवण्यासारखं काही नसल्यासारखा नानांनी बंगईला पुन्हा झोका दिला. "फोटो काढी ल्या. थांबा, गॅलरीमाधला कपडा काढाले सांगस."

सरांनी बंगल्याचा फोटो काढला. नको म्हणणं बरं दिसलं नसतं. धुळ्याला येईपर्यंत मात्र त्यांचं डोकं फिरलं होतं. घर म्हणजे जागा असेल, तर पुस्तकात पिस्ता रंगाचा बंगला आणि पाण्याची टाकी छापावी लागणार. घर म्हणजे लाकूड असेल, तर ते शेजारच्या जिल्ह्यात गेलेलं, आणि दगड इकडे बंगल्यापुढे 'या घरात' म्हणत उभा.

त्यांनी हे बायकोला सांगितलं. दिपमाला भाजी निवडत होती.

"मला शिरपूरहून इथे आणलंत," ती म्हणाली, "तेव्हा मी बदलले का?"

"नाही."

"मग मी शिरपूरची का देवपूरची?"

"दोन्हीकडची."

"मग माझा फोटो कुठे जाऊन काढाल?" तिने देठं गोळा केली आणि आत गेली. सरांना वाटलं होतं, उलगडा होईल. गुंता एकाने वाढला.

रविवारी सर जळगाव, भुसावळ करत कोथळगावला पोचले. केळीच्या बागांमधून वाट काढत गावात शिरले आणि दुसऱ्याच गल्लीत त्यांना घर दिसलं. तेच खांब, तीच चौकट, तोच ओटा. फक्त ओटा डाव्या हाताला होता. सरांनी नानांकडच्या फोटोचा मोबाइलवर फोटो घेतला होता, तो काढला. त्यात ओटा उजवीकडे. नानांकडचा फोटो उलटा छापला असेल म्हणून त्यांनी मोबाइलमध्ये तो फिरवून पाहिला, तर दगडावरची अक्षरं उलटी झाली. मग ते घराकडे पाठ करून उभे राहिले आणि मान वळवून पाहू लागले.

घराच्या मालकीण सुनंदाबाई दारात आल्या. एक परका माणूस त्यांच्या घराकडे पाठ करून, मान मोडून उभा होता.

"काय पाह्यता भाऊ?"

"ओटा," सर म्हणाले. "तो उजवीकडे हवा होता."

"तुम्हालेही समजलं?" सुनंदाबाई खूश झाल्या. "माहे सासरे जन्मभर हेच म्हनत गेले. मिस्त्रीनं पहिला खांब तिकडून लावायचा, तर इकडून लावला. आकडे सगळे बरोबर, घर उलटं! धाबं चढल्यावर ध्यानात आलं. मंग कोन उतरवते? राहू दिलं. या, चहा घ्या."

सर आत गेले. तुळयांवर डांबराचे आकडे अजून होते. सरांनी सगळे फोटो काढले आणि चहा घेता घेता त्यांना घरातली परिस्थिती कळली. सुनंदाबाईंचा मुलगा नवीन तेहतीस वर्षांचा होता. केळीची बाग, ठिबक, ट्रॅक्टर, सगळं होतं. मुलगी मिळत नव्हती. शेतकऱ्याच्या पोराला आजकाल कोण देतं? फार खटपटीने भुसावळकडची मोनाली जमली होती. औषधनिर्माणशास्त्र शिकलेली. तिचे वडील पुनाभाऊ यांची अट एकच होती. हे मातीचं घर पाडायचं, स्लॅबचं बांधायचं, मगच मांडव.

"आजच येऊन राह्यले ते," सुनंदाबाई म्हणाल्या. "नव्या घराचा नकाशा पाह्याले."

पुढे जे झालं ते सर उठून गेले असते तर झालं नसतं. पण चहा गरम होता.

पुनाभाऊ आले, मागे मोनाली. नवीनने सतरंजी टाकली. पुनाभाऊंनी सरांच्या गळ्यातला कॅमेरा पाहिला.

"इंजिनिअर का?"

"नाही, मी इतिहासाचा," सर म्हणाले, आणि कुणी विचारलेलं नसताना त्यांनी सगळी माहिती दिली. बेचाळीस साल, भूमिगत, सावळथे, दगड. शेवटी आवाज थोडा चढवून, वर्गात चढवतात तसा, म्हणाले, "अशी वास्तू म्हणजे ठेवा. तिला हात लावता कामा नये."

"हात लावायचा नाही म्हंजे पाडायचीबी नाही?"

"पाडणं तर दूरच!"

धाब्यातून थोडी माती सुटली आणि मोनालीच्या कपात पडली. तिने कप खाली ठेवला. पुनाभाऊ उभे राहिले.

"सुनंदाबाई, आधी काब्रं सांगितलं नाही? सरकारच्या घरात मी पोरगी देनार नाही. उद्या खिळा ठोकायचा तर मुंबईची परवानगी लागंल."

"अहो, सरकारचं नाही, आमचंच आहे!"

"मंग हे साहेब कोनाचे?"

पाहुणे गेले. गाडीचा आवाज लांब गेल्यावर नवीनने सरांसमोर बसकण मारली.

"सर, फोटो डिलीट करा."

"फोटो डिलीट केला म्हणून इतिहास..."

"इतिहासबी करा."

सुनंदाबाई रडल्या नाहीत. त्यांनी मोनालीचा कप उचलला, ओटीवरून चहा बाहेर फेकला आणि सरांना बजावलं, "लग्न तुम्ही मोडलं, तुम्हीच जोडा. पुनाभाऊच्या तोंडावर सांगा, घर ऐतिहासिक नाही म्हनून."

सर परत निघाले. आयुष्यभर ते पोरांना अमुक ऐतिहासिक आहे, तमुक ऐतिहासिक आहे असं सांगत आले होते. एखादी गोष्ट ऐतिहासिक नाही हे कसं सिद्ध करतात, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

त्यांनी समितीला फोन लावला. समितीने सांगितलं, घटना आपली आहे, पण घर आपल्या हद्दीत नाही, ते घेता येणार नाही. मग त्यांनी ओळखीने शेजारच्या जिल्ह्यात विचारलं. तिथून उत्तर आलं, घर आपल्या हद्दीत आहे, पण घटना आपल्याकडे घडलेली नाही. म्हणजे जिथे इतिहास घडला तिथे घर नव्हतं, जिथे घर होतं तिथे इतिहास घडला नव्हता, आणि त्यामुळे ते घर पाडायला कुणाचीच हरकत नव्हती. सरांना हायसं वाटलं. मग वाईट वाटलं. मग नक्की काय वाटतंय ते कळेना. त्यांनी पुनाभाऊंना फोन करून हे सगळं समजावून सांगितलं.

"आज नाही म्हनतात," पुनाभाऊ म्हणाले, "उद्या पाटी ठोकतील. मले घरवाल्याच्या तोंडून ऐकू द्या."

"सुनंदाबाईच घरवाल्या."

"त्या नाही. आधीच्या."

म्हणून पुढच्या रविवारी सर रुपचंद नानांना गाडीत घालून कोथळगावला घेऊन गेले. नाना इस्त्रीचं धोतर आणि नवी टोपी घालून निघाले होते. लाकडं गेल्यापासून त्यांनी ती पाहिली नव्हती. वाटेत ते कापसावर बोलले, नरडाण्याच्या कारखान्यांवर बोलले, घरावर बोलले नाहीत.

पुनाभाऊ आणि मोनाली आधीच येऊन बसले होते. नाना दारात आले. चौकटीला हात लावून, वाकून, कुणाकडे न पाहता ते सरळ आत शिरले, सवयीने उजवीकडे माजघराकडे वळले आणि भिंतीवर आपटले.

"अरे!" नवीन धावला.

नाना कपाळ चोळत भिंतीकडे पाहत राहिले. "मना जल्म व्हयना ती खोली कोठे गयी?"

"डावीकडे आहे नाना," सर म्हणाले. "घर उलटं लागलंय."

नाना डावीकडे गेले, आत डोकावले, तिथेच थोडा वेळ उभे राहिले. मग येऊन सतरंजीवर बसले. पाणी प्यायले. पुनाभाऊंनी विचारलं, "नाना, खरं सांगा. हे ऐतिहासिक घर हाय का?"

"नही," नाना म्हणाले. "इतिहास बठ्ठा आम्हना गावले शे. जागा तठे, दगड तठे. आठे काय शे? नुसतं लाकूड शे. बिनधास्त पाडा."

पुनाभाऊंचा चेहरा मोकळा झाला. नवीनने सरांकडे पाहून पहिल्यांदा दात दाखवले. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आता सुनंदाबाईंनी साखर वाटायची तेवढी बाकी होती. त्या साखरेचा डबा घेऊन चुलीपासून आल्या आणि डबा हातातच ठेवून म्हणाल्या, "नुसतं लाकूड काब्रं?"

"आई," नवीन म्हणाला.

"थांब तू. नाना, लगन होऊन आली तव्हापासून सारवून राह्यली मी हे घर. माह्या सासऱ्यानं त्या खांबाले टेकून जीव सोडला. हा नवीन माजघरात झाला, तुमी झाले तिथंच. तुमच्या लोकांनी चार राती झोपा काढल्या तर ऐतिहासिक, अन् आमी जन्म काढला तर लाकूड?"

सर खाली पाहत होते. ही नोंद त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती, आणि असती तर कोणत्या जिल्ह्याच्या पुस्तकात, तेही ठरवता आलं नसतं.

पुनाभाऊ गोंधळले. "म्हंजे आता पाडायचं का नाही पाडायचं?"

"पाडायचंच," सुनंदाबाई म्हणाल्या. "शब्द दिला तो दिला. पोरगी स्लॅबमध्येच येईन. पन त्याले लाकूड म्हनायचं नाही."

"मग काय म्हणायचं?" मोनालीने विचारलं. ती पहिल्यांदाच बोलली होती.

सुनंदाबाईंनी विचार केला. "घर म्हन."

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "अक्का, मनं चुकनं," ते म्हणाले. साखर वाटली गेली. तोंडं गोड होत असताना नानांनी हळूच नवीनला विचारलं, "घर कोणले देशी?"

"बऱ्हाणपूरचा एक जण येऊन गेला. कुठल्याशा हॉटेलात लावणार आहे म्हणे."

"त्याले नको देजो. मी लई जास."

"कुठे लावाल नाना?" सरांनी विचारलं. "जागेवर तर तुमचा बंगला आहे."

"मंग दखसू," नाना म्हणाले.

दिवाळीनंतर घर उतरवलं. नव्या मिस्त्रीने जुन्या आकड्यांवर नवे आकडे टाकले, त्यामुळे आता एकेका तुळईला दोन दोन नंबर आहेत. ट्रक सावळथ्याला गेला आणि लाकडं मारुतीसमोर, शिलेच्या मागे, ताडपत्रीखाली रचून ठेवली गेली. नानांचं अजून दखणं, म्हणजे पाहणं, चालू आहे. त्यांच्या सुनेचं म्हणणं, बंगल्यामागे गोठा करू. गावाचं म्हणणं, वाचनालय. समितीचं म्हणणं, सर, फोटो कधी देताय?

वैशाखात नवीन आणि मोनालीचं लग्न स्लॅबच्या घरासमोर झालं. जोडपं मुक्ताईच्या पाया पडून आलं आणि आता घरच्या देवाच्या पाया पडायचं म्हटल्यावर सुनंदाबाई उठल्या. देव नव्या घरात संगमरवरी कोनाड्यात बसवले होते, पण त्यांच्या सासूपासून देवांची फळी ज्या खांबाला होती तो खांब सावळथ्यात होता. सुनेचं डोकं आधी तिथे टेकणार. "ताडपत्रीखाली?" पुनाभाऊंनी विचारलं. "कुठंही असो," सुनंदाबाई म्हणाल्या. सगळे गाडीत बसून धुळे जिल्ह्यात आले. सरांनाही बोलावलं होतं. सर कॅमेरा घेऊन आले.

नानांनी ताडपत्री सोडली. लाकडांत तो खांब शोधायला थोडा वेळ गेला, कारण एका नंबराचे दोन खांब निघाले. सुनंदाबाईंनी हाताने चाचपून खिळ्यांची भोकं शोधली आणि त्यावर हळदकुंकू वाहिलं. मुंडावळ्यांसकट मोनाली पुढे झाली आणि थबकली.

"आई, तोंड कुणीकडे करायचं?"

"घराकडे."

"बंगलाकडे," नाना म्हणाले. "जागा तठे शे."

"इकडे, खांबाकडे," सुनंदाबाई म्हणाल्या.

या बोलाचालीत नवीन दगडाच्या पाया पडून मोकळा झाला. मोनालीने त्याच्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि तिन्हीकडे एकेक नमस्कार केला. मग घाम पुसून ती सरांकडे वळली.

"सर, आमचा एक काढा ना. घरासोबत."

सरांनी कॅमेरा डोळ्याला लावला. जोडपं दिसत होतं. सर डावीकडे सरकले, दगड आला. उजवीकडे सरकले, लाकडं आली, दगडाची अक्षरं गेली, आणि बंगला अजून बाहेरच होता. ते मागे जाऊ लागले. रस्त्यावर एक रिक्षा थांबून वाट पाहू लागली.

"आलं का घर?" मोनालीने तिथून ओरडून विचारलं.

"थांबा," सर म्हणाले, आणि आणखी थोडे मागे गेले.